दवबिंदू घरी वाढवताना

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला 'घरातली बाग' असा विषय दिला होता. गुलाब, जास्वंद, मोगरा यांतलं इथे बसलेल्या काकूंना आमच्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. म्हणून आम्ही विषय आखडून घेतला. या टेबलावर पसरट ताटात बारा लहान कुंड्या ठेवल्या आहेत, त्यांतल्या झाडाबद्दलच आज बोलणार आहोत. पुढच्या चार कुंड्यांतली रोपं एक रुपयाच्या नाण्याएवढी आहेत, त्यामुळे मागच्या रांगांना काही दिसणार नाही. भाषण झाल्यावर जवळ येऊन बघा, मात्र बोट लावू नका. सकाळपासून सहा जणांनी लावून पाहिलं आहे आणि झाड वैतागलं आहे.

आम्ही म्हणजे आमच्या वसाहतीतली चार घरं. चौघांपैकी कुणीही वनस्पतिशास्त्र शिकलेलं नाही. हे भाषण वाचणाऱ्याकडे स्थापत्याची पदविका आहे आणि नोकरी सरकारी, त्यामुळे पाणी, वाळू आणि मोजमाप एवढ्यावरच आमचा अधिकार. या झाडाला नेमकं एवढंच लागतं, म्हणून आमचं जमलं.

झाडाचं मराठी नाव दवबिंदू. शास्त्रीय नाव ड्रोसेरा, तेही ग्रीक भाषेतल्या दवाच्या शब्दावरूनच आलेलं. दोन्हीकडे लोकांना एकच गोष्ट दिसली: पानावर लाल केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चकाकता थेंब. ऊन चढलं की गवतावरचं दव वाळतं, हा थेंब वाळत नाही. कारण ते दव नव्हेच. केसाच्या टोकाला एक बारीक ग्रंथी असते, तिने बाहेर सोडलेला तो डिंकासारखा चिकट रस आहे. चिलट त्यावर बसलं की चिकटतं, सुटायला धडपडतं, आणि त्या धडपडीनेच आजूबाजूचे केस त्याच्याकडे वळू लागतात. मग पचवणारे रस सुटतात. काही दिवसांनी पानावर फक्त पोकळ टरफल उरतं.

हे सगळं झाड करतं ते नायट्रोजनसाठी. ते उगवतं तिथल्या मातीत तो जवळजवळ नसतो. बाकीची झाडं जे मुळांनी मिळवतात ते हे पानांनी मिळवतं. ऊर्जा मात्र आपली इतर झाडांसारखीच उन्हातून. आमच्या शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "श्रावणातसुद्धा खातं का हो हे?" खातं, काकू. श्रावण-भाद्रपद हाच तर त्याचा सुगीचा काळ.

चार्ल्स डार्विनला या झाडाने अक्षरशः वेड लावलं होतं. १८६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या ससेक्स भागात त्याने ते पाहिलं, आणि पंधरा वर्षांनी, १८७५ साली, कीटकभक्षी वनस्पतींवर जाडजूड पुस्तक काढलं. त्याचे प्रयोग वाचताना वाटतं की हा माणूस स्वयंपाकघरातच बसला होता. त्याने पानांवर दूध घातलं, मांसाचा अर्क घातला, साखरेचं पाणी घातलं, चहा घातला. दुधाला आणि मांसाच्या अर्काला केस वळले. साखरेला आणि चहाला ढिम्म. म्हणजे झाडाला बरोबर कळतं की नायट्रोजन कशात आहे. एका पानावर केस किती, हेही त्याने मोजलं. एकतीस पानांची सरासरी १९२ आली. माणसाच्या केसाचा एक कण, वजन ०.०००८२२ मिलिग्रॅम, टोकाच्या ग्रंथीवर ठेवला तरी तो तंतू हलला. आणि एवढं नाजूक झाड पावसाचे टपोरे थेंब पडत असताना हलत नाही. आपल्याकडचा जुलै डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ही गोष्ट किती महत्त्वाची आहे ते कळेल. प्रत्येक थेंबाला केस मिटत राहिले असते, तर गोव्यात हे झाड उपाशी मेलं असतं.

होय, गोव्यात. पुष्कळांना वाटतं की कीटकभक्षी झाड म्हणजे ॲमेझॉन किंवा बोर्निओ. आपल्यापैकी जे कास पठारावर जाऊन आले आहेत त्यांनी दवबिंदू तिथे पाहिला असेल. पण तो आपल्या सड्यांवरही आहे. त्याचे दोन प्रकार आपल्याकडे आढळतात. ड्रोसेरा इंडिका उभी वाढते, गवतासारखी लांब पानं, गुलाबी फुलं. म्हणून तिला गवती दवबिंदू म्हणतात. लिनियसने तिला १७५३ मध्येच नाव दिलं. दुसरा ड्रोसेरा बर्मानी, जमिनीला चिकटलेलं लाल चक्र, मधून वर येणारा दांडा, त्यावर पांढरी फुलं. पुढच्या कुंड्यांत तोच आहे. दिसायला लहान, पण चपळ. बाकीच्या जातींचे केस वळायला काही मिनिटं तरी घेतात, बर्मानीच्या कडेचे केस काही सेकंदांत वळतात. उभं राहून बघता येतं.

आता सड्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. वर मातीचा थर काही ठिकाणी बोटभर, काही ठिकाणी तोही नाही. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, पाणी खडकावर पातळ थरात उभं राहतं आणि जे काही खत म्हणून असेल ते धुऊन नेतं. नोव्हेंबरनंतर तोच खडक तव्यासारखा तापतो. अशा जागी दवबिंदू पावसात उगवतो, वाढतो, फुलतो, बी टाकतो, आणि मरतो. बर्मानी आणि इंडिका दोघेही एकाच हंगामाचे धनी. पुढच्या जूनपर्यंत सड्यावर त्यांचं जे काही असतं ते खडकाच्या भेगांत पडलेलं धुळीसारखं बी.

आपल्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अशा जमिनीपुढे 'पोट खराब' असं लिहिलेलं असतं. आमच्यासारखी सरकारी कचेरीतली माणसं हा शब्द रोज वाचतात. शेतसाऱ्याच्या दृष्टीने तो बरोबरही आहे, तिथे भात पिकत नाही. पण शब्दाची सवय लागते आणि मग सडा म्हणजे मोकळी जागा असंच सगळ्यांना वाटू लागतं. विद्यापीठ, औद्योगिक वसाहत, विमानतळ, सगळं आपण सड्यांवर नेलं. ते नको होतं असं म्हणायला आम्ही उभे नाही. आमच्यातल्या दोघांची पोटं त्याच वसाहतींच्या रस्त्यांवर भरली आहेत. तिथे काहीच नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये.

आम्ही चार घरं दर भाद्रपदात एका सड्यावर जातो. त्याचं नाव सांगणार नाही, मुद्दामच. चवथीनंतरचा रविवार, डब्यात भाकरी आणि उसळ, मुलं बरोबर. तिथे उताराला एक ओलसर पट्टा आहे, साधारण या सभागृहाच्या निम्म्याएवढा. पहिल्या वर्षी तो पट्टा बर्मानीने लाल दिसत होता. मध्ये सीतेची आसवं, निळी-जांभळी. तीही कीटकभक्षी, पण सापळे जमिनीखाली लपवणारी. पाय कुठे ठेवावा कळत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी गेलो तर पट्ट्याच्या मधोमध खड्डे होते, चमच्याने काढल्यासारखे. थोडं पुढे एक कुटुंब भेटलं, मंडळी चांगली, बोलायला गोड. त्यांच्याकडे आइस्क्रीमचे रिकामे कप होते आणि प्रत्येक कपात मातीसकट एक दवबिंदू. मोबाइलवर कुठलीतरी चित्रफीत पाहून आले होते. घरात डास फार झाले आहेत, त्यासाठी हे झाड नेतो आहोत, असं त्यांनी सांगितलं. आम्ही त्यांना जे सांगितलं तेच आता तुम्हाला सांगतो. पण त्यांनी कप काही खाली ठेवले नाहीत.

पहिली गोष्ट, हे डासांचं औषध नाही. बारीक चिलटं, मुंग्या, एखादा डास सापडतो, पण नाण्याएवढं झाड खोलीतले डास काय कमी करणार? दुसरी गोष्ट, सड्यावरून उपटलेला दवबिंदू घरी जगत नाही. याच्या मुळांचं काम धरून ठेवणं आणि पाणी पिणं एवढंच, त्यामुळे मुळं केसासारखी, तोकडी. ओढलं की तुटतात. घरी नेल्यावर त्याला नळाचं पाणी मिळतं, कुंडीतली खतावलेली माती मिळते, खिडकीतला अर्धा उजेड मिळतो. तिन्ही त्याला विषासारखी. आणि समजा सगळं नीट झालं, तरी भाद्रपदात आपल्याला दिसतो तेव्हा त्याचं आयुष्य संपत आलेलं असतं. आश्विन-कार्तिकात तो मरणारच होता. फरक एवढाच की सड्यावर मेला असता तर शेकडो बिया टाकून मेला असता.

ही तिसरी गोष्ट खरी महत्त्वाची. आंबा तोडला तर झाड राहतं. वर्षायू झाड बी धरण्याआधी उपटलं तर त्याच्या बरोबर पुढच्या वर्षीचीही रोपं जातात. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता गोवेकरांसारखी माटोळी बांधतात. आंबाडे, तोरिंजन, कवंडळ, घागऱ्या आणायला रानात जाणारी जुनी माणसं बघा, ती फळ काढतात, वेल उपटत नाहीत. पुढच्या चवथीला त्याच वेलीकडे यायचं असतं ना! अभयारण्यातून तर काहीही उचलणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पण आमचा सडा अभयारण्यात नाही, आणि तिथे कायदा सांगायला कुणी उभं नसतं.

पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात मधला भाग विरळ होता. पाऊसही त्या साली उशिरा आला होता, त्यामुळे सगळा दोष खड्ड्यांवर टाकता येत नाही. पण मुलांनी विचारलं, "आपल्याला हे झाड हवं असेल तर काय करायचं?" या प्रश्नाला 'घ्यायचं नाही' एवढंच उत्तर पुरत नाही. मुलांना तर नाहीच. झाड घरी हवंसं वाटणं यात काही वाईट नाही. म्हणून घरीच वाढवायचं, आणि एकाचे पन्नास करून ज्याला हवं त्याला द्यायचं, असं ठरलं. कुणी सड्यावर चमचा घेऊन जाऊ नये याचा आम्हाला सुचलेला हा एकच उपाय आहे.

पुण्याचे एक गृहस्थ गच्चीवर ही झाडं वाढवतात. त्यांनी टपालाने बर्मानीच्या बियांची पुडी आणि दोन परदेशी जातींची एकेक रोपं पाठवली. परदेशी जाती म्हणजे स्पॅट्युलाटा आणि दक्षिण आफ्रिकेतली केपेन्सिस. या दोन्ही अनेक वर्षं जगणाऱ्या, त्यामुळे नवशिक्याने सुरुवात यांच्यापासूनच करावी.

आता प्रत्यक्ष काम. आधी पाणी, कारण निम्मी झाडं पाण्यानेच मरतात. याला क्षार सोसत नाहीत. पेनासारखं एक यंत्र काही शे रुपयांना मिळतं, पाण्यात बुडवलं की विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवतं. आकडा पन्नासच्या आत हवा. पावसाचं पाणी सहज त्यात बसतं. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी पुष्कळ ठिकाणी मऊ असतं, पण समुद्राजवळच्या विहिरीवर विश्वास ठेवू नका, मोजा. पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, मीठ कुठे जातं? उलट पाणी आटतं आणि मीठ राहतं. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारं पाणी चालतं, मात्र जाळी नुकतीच धुतली असेल तर पहिले काही दिवस ते टाकून द्यावं.

"आठ महिने पावसाचं पाणी पुरवायचं कसं?" असं सगळे विचारतात. इथे पदविका कामाला आली. आमचं ताट ३० बाय ४० सेंटिमीटर, म्हणजे १२०० चौरस सेंटिमीटर. बाष्पीभवन दिवसाला ५ मिलिमीटर धरलं तर रोज ६०० मिलिलिटर पाणी उडतं. ऑक्टोबर ते मे हे २४० दिवस धरले की १४४ लिटर झाले. दोनशे लिटरचं एक पिंप पुरून उरतं. आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पत्र्याच्या एक चौरस मीटरवर पडणारं पाणीच तीन हजार लिटर होतं. पिंप जुलैच्या एका आठवड्यात भरतं. पहिल्या पावसाचं पाणी धूळ घेऊन येतं, ते सोडून द्यायचं.

पण पिंपाचं तोंड बारीक जाळीने घट्ट बांधा. ताटातलं पाणीही आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून ताट पुसून नवं भरा. डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य खात्याचे लोक येऊन पिंप उपडं करतील आणि ते बरोबरच करतील. डास मारायला आणलेल्या झाडाखाली डासांच्या अळ्या निघाल्या तर शेजाऱ्यांना काय सांगणार?

कुंडी प्लास्टिकची, तळाला भोकं असलेली. ती ताटात ठेवायची आणि ताटात सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पाणी कायम ठेवायचं. वरून पाणी घालायचं नाही, पानांवरचा चिकट रस धुऊन जातो.

माती म्हणाल तर माती नकोच. शेणखत, गांडूळखत, अंगणातली लाल माती, काही नको. निम्मं पीट आणि निम्मी जाड, धुतलेली वाळू हा जगभरचा रिवाज. पीट थंड देशांतल्या दलदलींतून काढलेलं येतं, महाग असतं, आणि त्या दलदली हजारो वर्षांच्या असतात, म्हणून आम्ही कमीत कमी वापरतो. नारळाच्या सोडणाचा भुसा चालतो, पण त्यात मीठ असतं. पावसाच्या पाण्यात भिजवून पिळायचा, आणि असं पाच-सहा वेळा करायचं, शेवटच्या पाण्यात यंत्र बुडवून आकडा बघायचा. वाळूऐवजी आम्ही चाळून धुतलेला जांभ्याचा चुरा अर्धा घालतो. सड्याची आठवण म्हणा. बर्मानीला तो मानवला आहे. किनाऱ्यावरची वाळू मात्र अजिबात नको. धुऊन मीठ निघेल, पण शिंपल्यांचा चुना निघत नाही.

ऊन सकाळचं तीन-चार तास तरी हवं. उजेड कमी पडला की पानं हिरवी, लांबुडकी होतात आणि दव दिसेनासं होतं. लाल रंग आणि भरगच्च थेंब दिसले की समजावं, झाड खूश आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी वर हिरवी जाळी बांधावी. पावसाळ्यात छपराखाली. सड्यावर ते पाऊस झेलतं, पण कुंडीतलं इवलं रोप पागोळीखाली उखडून जातं.

आता एकाचे अनेक कसे करायचे. यात आम्हाला सगळ्यांत जास्त मजा येते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

स्पॅट्युलाटाचं किंवा केपेन्सिसचं एक तरणं, निरोगी पान घ्यायचं. कात्रीने अर्धं कापायचं नाही, देठासकट अगदी बुंध्यापासून हळूच सोडवायचं. झाकणाच्या पारदर्शक डब्यात, मिठाईचा चालतो, बोटभर पावसाचं पाणी घ्यायचं आणि पान त्यात तरंगत सोडायचं. झाकण लावून डबा उजेडात, पण थेट उन्हात नाही. उन्हात पाणी तापतं आणि पानाची भाजी होते. आठवड्याला पाणी बदलायचं. पहिले दोन-तीन आठवडे काहीच होत नाही. पानावरचा रस विरघळतो, रंग उतरतो, बघणाऱ्याला वाटतं मेलं. मग तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात कधीतरी पानाच्या पृष्ठावर हिरवा ठिपका उठतो. भिंगाने पाहिलं तर त्या ठिपक्याला केस असतात. टाचणीच्या टोकाएवढं आख्खं रोप! एका पानावर असे तीन, चार, कधी जास्तही येतात. आमच्या काकू, त्याच श्रावणवाल्या, रोज सकाळी चहाआधी डबा उघडून बघायच्या. ठिपका दिसला त्या दिवशी त्यांनी चारही घरांत फोन केले. नात झाल्याचा फोन असावा तसा आवाज होता.

रोपांना बारीक मुळं दिसू लागली की ओल्या मिश्रणावर उचलून ठेवायचं आणि वर पारदर्शक बाटली कापून टोपीसारखी घालायची. दोन आठवडे टोपी, मग रोज थोडी थोडी उघडायची. घाई केली की हवेने पानं वाळतात. पांढरी बुरशी दिसली तर ते पान तेवढं काढून टाकायचं, बाकी तसंच ठेवायचं.

केपेन्सिसची मुळं इतर दवबिंदूंच्या मानाने जाड, काळी असतात. कुंडी बदलताना एखादं मूळ घेऊन दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करायचे, ओल्या मिश्रणावर आडवे ठेवायचे, वर नखाएवढा थर. महिना-दीड महिन्यात कोंब येतात. यात फार सांगण्यासारखं नाही, आपोआप होतं.

बर्मानीचं पान मात्र सहसा फुटत नाही. त्याला बीच हवं. फुलं सकाळी काही तासच उघडतात, ऊन नसेल तर उघडतही नाहीत, पण काळजी नको, मिटल्या मिटल्या स्वतःच फळ धरतात. दांडा वाळून तपकिरी झाला की खाली पांढरा कागद धरून टिचकी मारायची. काळी पूड पडते, तेच बी. नाक शिंकरू नका आणि पंखा बंद ठेवा, हे आम्ही मुलांना आधी सांगतो. बी बटर पेपरच्या पुडीत घालून, वर तारीख लिहून, डब्यात बंद करून फ्रिजमध्ये ठेवायचं.

पेरताना बी मातीखाली पुरायचं नाही. याला उगवायला उजेड लागतो. मिश्रण पावसाच्या पाण्याने खालून भिजवायचं, वर चिमटीने बी भुरभुरायचं, काच किंवा प्लास्टिक झाकायचं. दोन ते चार आठवडे वाट बघायची, कधी जास्तही. पहिली पानं उघडतात तेव्हाच त्यांना थेंब असतात, अळपिनाच्या डोक्याएवढं झाड आणि त्याच्यावर दव! थंड देशांतल्या जातींच्या बियांना आधी गारठा दाखवावा लागतो, आपल्या जातींना नाही. त्यांना ऊब लागते, ती आपल्याकडे भरपूर. एका पेरणीचं झाड काही महिन्यांत बी धरून संपतं. म्हणून प्रत्येक पिढीचं बी जपायचं. कुंडी रिकामी झाली म्हणून फेकू नका, तशीच ओली ठेवा, पडलेल्या बियांतून ती पुन्हा भरते.

खायला घालायचं का? बाहेर ठेवलं असेल तर काही घालू नये, ते आपलं आपण कमावतं. काचेआड असेल तर महिन्यातून एकदा माशांच्या खाद्याचा चुरा, मोहरीच्या निम्म्याने, एका पानावर. मटण, चिकन, अंडं घालणारे भेटतात. पान कुजतं. आणि मुलं पुन्हा पुन्हा काडी लावून केस वळवून बघतात, तेही कमी करायला सांगा. प्रत्येक वेळी झाडाची शक्ती खर्च होते आणि हाती काही लागत नाही.

आणखी एक सांगायचं आहे, यावर आमच्या चार घरांतही वाद झाला. रोपं पन्नासच्या वर गेली तेव्हा एक विचार निघाला की ती नेऊन त्या विरळ पट्ट्यात लावू या. ऐकायला फार छान वाटतं. पण आम्ही तसं केलं नाही आणि तुम्हीही करू नका. केपेन्सिस परदेशी आहे, तिचं बी भरमसाठ. न्यूझीलंडमध्ये ती बागांतून निसटून तण म्हणून नोंदली गेली आहे. आपल्या सड्यावर ती सुटली तर काय होईल हे बघायची आम्हाला हौस नाही. आमची बर्मानी तरी सड्यावर का नको? कारण तिचं मूळ बी कुठल्या सड्यावरचं हे आम्हाला माहीत नाही, आणि कुंडीतल्या बुरश्या, किडे तिच्याबरोबर जातात. त्या पट्ट्याचं बी त्या पट्ट्यातच आहे. त्याला चार-पाच पावसाळे कुणी चमचा लावला नाही तर तो आपला आपण भरेल. घरच्या कुंडीतलं पाणी, वाळलेले दांडे, जुनं मिश्रण हेही रानात किंवा ओढ्यात टाकू नका. आम्ही ते कडक उन्हात वाळवून कचऱ्यात देतो.

गेल्या भाद्रपदात गेलो तेव्हा पट्ट्याच्या कडा भरलेल्या होत्या, मधला भाग अजून उघडा होता. मुलांनी दोरी लावून मोजला, लांबी सात पावलं, रुंदी चार. या वर्षी येत्या रविवारी पुन्हा मोजणार आहेत.

आमचं बोलणं एवढंच. मागच्या टेबलावर बर्मानीच्या बियांच्या चाळीस पुड्या आहेत, घराला एक, फुकट. प्रत्येक पुडीत साधारण तीस-चाळीस बिया आहेत, पुडी उघडताना पंखा बंद करा. स्पॅट्युलाटाची पानं ज्यांना हवी आहेत त्यांनी आपला डबा आणि पावसाचं पाणी घेऊन उद्याच्या आरतीच्या आधी यावं. पान तिथल्या तिथे सोडवून देऊ. डबा धुताना साबण राहू देऊ नका. आणि काकू तिथेच बसलेल्या असतील, कुठलाही प्रश्न त्यांना विचारा, आमच्यापेक्षा त्यांचे डबे जास्त फुटले आहेत.